दात बघून

संगणकावर नवं काही बसवायला घेतलं की तो एकदाच विचारतो, ‘हे कुठे ठेवू?’ खाली एक पत्ता त्यानं आधीच भरून ठेवलेला असतो आणि ‘पुढे’चं बटण हाताशीच असतं. आपण ते दाबतो. मीही दाबलं होतं. त्या दाबण्याचे हप्ते पुढे बरेच दिवस फेडत होतो.

मी काष्टीत राहतो. पुणे जिल्ह्यातलं दौंड मागे टाकून भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो, आता अहिल्यानगर म्हणायचं, आणि मग थोड्याच वेळात आमचं गाव. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ सालची. तिच्यावर आमचंही एक स्टेशन आहे. पण काष्टी ओळखली जाते ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी. माझा धंदा त्या मानानं अगदीच किरकोळ. दूध संकलन केंद्रं, खतांची दुकानं, एखादी पतसंस्था, यांच्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहून देतो. हे काम घरी बसून होतं, पण त्याला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेट म्हणजे रस्त्याकडेनं पुरलेली एक बारीक तार. कुणीतरी जेसीबीनं चर काढतो, तार तुटते, आणि ती जोडणारा माणूस ‘निघालोय’ म्हणून दोन दिवस निघालेलाच असतो. त्यात वीज गेली की मोबाइलचा टॉवरही काही तासांनी मान टाकतो.

म्हणून मी माहितीपुस्तकं घरात भरून ठेवायला लागलो. प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कुठलाही शब्द कसा वापरायचा, त्याला काय द्यायचं, तो परत काय देतो, चुकला तर काय म्हणतो, हे सगळं या पुस्तकांत असतं. हे पाठ करण्यात अर्थ नसतो; हाताशी असावं लागतं. कल्पना जुनीच आहे. युनिक्स या संगणक-प्रणालीचं पहिलं छापील माहितीपुस्तक ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं आहे, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. त्यात आज्ञेच्या नोंदीत शेवटाकडे एक रकाना असे: या आज्ञेत आम्हांला ठाऊक असलेले दोष. स्वतःच्या मालाचे दोष मालाच्याच पुस्तकात छापायचे, ही रीत मला फार आवडते. जनावरांच्या बाजारात ती चालली असती का, ते सोडून द्या.

आता ही पुस्तकं फोल्डरच्या रूपात येतात. मॅकवरचं डॅश आणि विंडोज-लिनक्सवरचं मोफत झील हे दोन्ही वाचक ‘डॉकसेट’ नावाची पेटी उघडतात. पेटीत एका बाजूला हजारो पानं असतात आणि दुसऱ्या बाजूला एक सूची. सूचीच्या प्रत्येक ओळीत साधी नोंद: हे नाव, हा प्रकार, हे पान. शब्द टंकायला सुरुवात केली की दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराला पान समोर येतं. नेटवर शोधण्यापेक्षा हे कितीतरी जलद. शिवाय आजूबाजूला जाहिरात नाही, ‘हेही वाचा’ नाही. पावसाळ्यात वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर आलेली, आणि पडद्यावर फक्त एक शांत पान. त्या शांततेची सवय लागते.

ठेवण्याच्या जागेचं मात्र मी कधी मनावर घेतलं नव्हतं. माझा सगळा भरणा संगणकानं सुचवलेल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्येच जात होता. शहाणपणा असा केला होता की ते फोल्डर एका मोठ्या कंपनीच्या ‘क्लाउड’शी जोडून ठेवलं होतं, म्हणजे लॅपटॉप बिघडला तरी सगळं शाबूत. डिस्क भरत आली तेव्हा त्या सेवेनं जागा मोकळी करायला घेतली. पुष्कळ दिवस न उघडलेल्या फायली तिनं वर ढगात नेऊन ठेवल्या आणि इथे नुसती त्यांची नावं ठेवली. अडीनडीलाच जी पुस्तकं उघडायची, ती पुष्कळ दिवस न उघडलेली असणारच. पुढच्या वेळी तार तुटली तेव्हा मी फोल्डर उघडलं. नावं ओळीनं हजर होती. एकावर क्लिक केलं तर संगणक म्हणतो, ही फाइल पाहण्यासाठी इंटरनेट जोडा. तुटलेल्या तारेसाठी ठेवलेलं पुस्तक तारेच्या पलीकडे जाऊन बसलं होतं. दोष कुणाचाच नाही. जागा विचारली होती, तेव्हा मी बटण दाबून मोकळा झालो होतो.

मग बिऱ्हाड हलवायला घेतलं आणि कळलं की हा उद्योग दिसतो तेवढा सोपा नाही. विंडोजमध्ये पुष्कळ ठिकाणी फाइलचा अख्खा पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो. माहितीपुस्तकांची पानं फोल्डरातल्या फोल्डरातल्या फोल्डरात असतात. माझ्या नव्या जागेचं नाव लांबलचक होतं, तेव्हा खोलवरची काही पानं दारातच अडली. पेनड्राइव्हवर नेऊन पाहिलं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीनं तयार केला की तो साधारणपणे १२८ केबीचे कप्पे पाडतो, आणि पान कितीही छोटं असलं तरी त्याला एक अख्खा कप्पा देतो. दहा केबीची दहा हजार पानं म्हणजे खरं तर शंभर एमबीचा ऐवज. तिथे तो सव्वा जीबी जागा अडवून बसतो. लग्नाच्या वऱ्हाडातल्या प्रत्येक पोरासाठी एक चारचाकी उभी करावी तसं. त्यावर उपाय म्हणजे सगळी पानं एकाच फाइलीत बांधून न्यायची आणि पोचल्यावर सोडायची.

तिसरी गंमत अस्सल मराठी होती. हौसेनं मी एका फोल्डरचं नाव ‘अपुऱ्या नोंदी’ ठेवलं होतं. एके दिवशी पाहतो तर ‘अपुऱ्या नोंदी’ दोन. अक्षरन् अक्षर तेच, तरी दोन, आणि संगणकाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पुष्कळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. आपला तो अर्धा, आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकीत वेगळा ऱ असतो, दुसरीत साधा र आणि त्याच्या मागे न दिसणारा एक जोडचिन्हाचा टाका. लॅपटॉपच्या कळफलकावरून एक आला, मोबाइलवरून दुसरा. डोळ्याला एक, यंत्राला दोन. त्या दिवसापासून फोल्डरांची नावं मी रोमन लिपीत, आखूड आणि बेचव ठेवतो. मराठीचा अभिमान दुसरीकडे दाखवायला भरपूर जागा आहे.

आता सगळं नीट लागलं असं वाटत होतं. फोल्डर डिस्कच्या मुळाशीच, क्लाउडपासून दूर, आणि आत प्रत्येक पुस्तकाची अगदी नवी प्रत. नेट आलं की मी इमानेइतबारे ‘अद्ययावत करा’ दाबायचो. जुनी प्रत पुसली जायची, नवी बसायची. नव्या प्रतीचं एक समाधान असतं. त्याच समाधानानं मला खाली आपटलं.

एका दूध केंद्रावर माझा प्रोग्रॅम चालतो. तिथला संगणक जुना, विंडोज ७ वाला. पायथन भाषेची ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ ला दारात उभं करत नाहीत. सभासदांच्या क्रमांकापुढे ‘एम-’ अशी खूण लागून येत होती, ती काढून टाकायची होती. घरी मी माझं ताजं पुस्तक उघडलं. त्यात ‘रीमूव्हप्रीफिक्स’ नावाची नेमकी हीच सोय होती. एका ओळीचं काम. घरच्या संगणकावर चालवून पाहिलं, चाललं. रात्री केंद्रावर जाऊन बसवून आलो.

सकाळी सहाला फोन. म्हशीवाले, गाईवाले किटल्या घेऊन रांगेत, फॅट लागलेली, पावती निघत नाही. पडद्यावर एक इंग्रजी ओळ, जिचा अर्थ एवढाच की असली कुठलीही सोय माझ्याकडे नाही. नसणारच. ती ३.९ मध्ये, म्हणजे २०२० साली आली. पुस्तकातही तसं लिहिलेलं होतं. त्या नोंदीखाली बारीक अक्षरांत ओळच असते, ‘आवृत्ती ३.९ पासून नवीन’. मी मोठी अक्षरं वाचली होती, बारीक नाही. त्या सकाळी पावत्या हातानं लिहिल्या गेल्या आणि मला चहा मिळाला नाही.

केंद्रावरून परतलो तो शनिवार होता. बाजारामुळे रस्ता तुंबलेला, म्हणून गाडी लावून तळावर गेलो. आता तिथे दुभत्या गाईंची गर्दी जास्त असते, शेतीची मशागत बहुतेक ट्रॅक्टर करतो. तरी बैल येतातच; शर्यतींवरची बंदी उठल्यापासून खिलाराला तर वेगळंच मोल आलं आहे. एक म्हातारा आपला एकच बैल घेऊन उभा होता. विकायला असेल असं मला वाटलं. तो विकायला नव्हता. जोडीतला दुसरा गेला होता, आणि उरलेल्याला जोड मिळते का ते बघायला त्यानं उरलेलाच बरोबर आणला होता.

तो कसा शोधत होता, ते मी बराच वेळ उभं राहून पाहिलं. तळावर त्याच्या बैलापेक्षा देखणे बैल होते. शिंगं साळलेली, हिंगूळ फासलेली, अंगावर हात ठेवला तर घसरेल अशी चमक. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. आधी उंची बघायचा. मग विचारायचा, जुवाखाली कुठल्या बाजूला चालतो? त्याचा उजवीकडचा होता, त्याला डावीकडचा हवा होता. आणि ते जमलं की मगच खालचा ओठ मागे सारून दात बघायचा. दुधाचे दात असतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि आठही पक्के आले की जुळला. विकणारा वय काहीही सांगो, हिंगूळ काहीही सांगो, तोंड उघडल्यावर हिशेब एकच. एक ऐन भरातला चारदाती त्यानं नाकारला. विकणारा चिडला, ‘अहो बाबा, यापेक्षा भारी मिळणार हाय का?’ म्हातारा म्हणाला, ‘भारीच हाय. म्हणून तर नको. माझा त्याच्या मागं फरफटंल.’

पुढे एका सहादातीजवळ तो थांबला आणि दोघांचे हात उपरण्याखाली गेले. बोटं बोलायला लागली. आम्हां बघ्यांना फक्त कापडाची हालचाल. मी तिथून निघालो. सौदा झाला की नाही, ठाऊक नाही.

मला माझी चूक तळावर कळली असं म्हणणं जरा नाटकी होईल. ती सकाळीच कळली होती. पण तिला शब्द तिथे मिळाला. पुस्तक आणि यंत्र यांची जोड असते. एकटं पुस्तक चांगलं किंवा वाईट नसतं. ते कुणाबरोबर जुवाखाली जाणार त्यावर सगळं. मी मात्र बाजारातला सर्वांत देखणा बैल आणून म्हाताऱ्या बैलाशेजारी जुंपला होता. पुस्तकानं आपले दात दाखवलेही होते. मी ओठ मागे सारला नव्हता.

प्रती आणि आवृत्त्या यांचा विचार करताना आपल्याकडे एकनाथांशी थांबावंच लागतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात राहिली. उतरवणारा म्हणजे झेरॉक्स यंत्र नव्हे. कुणी अडलेला शब्द सोपा करतो, कुणी आपल्या पदरची ओवी भक्तिभावानं मध्ये बसवतो. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या नाथांनी मिळतील त्या प्रती ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे यात कुणी आपलं काही घालू नये, असं बजावलं. शुद्ध करणाऱ्यानं शेवटी तारीख घातली, काय केलं ते सांगितलं आणि दार लावून घेतलं. आजच्या भाषेत बोलायचं तर आवृत्ती गोठवली.

पण गोष्ट इथे थांबत नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एक वेगळीच प्रत छापली. ती नाथांच्या आधीची, असं त्यांचं म्हणणं. तिच्या जुनेपणावर पुढे वाद झाले. तरी राजवाड्यांना त्या प्रतीत जे हवं होतं ते शुद्ध प्रतीत मिळण्यासारखं नव्हतंच: भाषेची जुनी रूपं, ज्यांवरून त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं. वारकऱ्याला पारायणाला नाथांची प्रत हवी, व्याकरणकाराला तिच्या आधीची. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ‘अद्ययावत करा’ हे बटण नाथांच्या काळी असतं आणि प्रत्येक घरात ते इमानेइतबारे दाबलं गेलं असतं, तर जुन्या रूपांचा माग आज कशावरून काढला असता? माझ्या फोल्डरातली जुनी प्रत पुसणारा हात आणि नव्याचं समाधान मानणारा हात एकच होता, हे मला त्यानंतर फार बोचलं.

मग सगळंच ठेवायचं का? तिथेही फसगत आहे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि तिचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्याच्या त्या दप्तरात कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल. इंग्रजांनी ते सांभाळले त्यात इतिहासाचं प्रेम फारसं नव्हतं. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, हे ठरवायला ते लागत होते. १८५० च्या दशकातल्या इनाम कमिशनचं काम त्यावरच चाललं. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागद छापले, तेव्हा त्या निवडीचे ४५ खंड झाले. हे निवडलेलं. न निवडलेलं बरंचसं अजून रुमालातच, मोडीत, आणि मोडी वाचणारे फार थोडे. कागद आहे, पत्ता नाही. डॉकसेटमधली ती सूचीची छोटी फाइल हरवली आणि पानं सगळी शाबूत राहिली, तर जे होईल तेच. माझ्या क्लाउडवाल्या प्रसंगी उलटं झालं होतं, सूची होती आणि पानं गेली होती. दोन्ही अनुभव घ्यावेत असे नाहीत.

दप्तर हा शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक ‘दिफ्थेरा’वरून, असं कोशकार सांगतात. दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत. काष्टीत राहून मला ही व्युत्पत्ती कळली तेव्हा हसूच आलं. शनिवारी तळावर उभं असतं ते सगळं उद्याचं दप्तरच की.

आता माझी व्यवस्था अशी. फोल्डर एकच, पण आत नावापुढे दात लिहिलेले: पायथन ३.८, पायथन ३.१२, असं. ‘नवीन’ किंवा ‘अंतिम’ या नावाचं काहीही ठेवायचं नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ ही उतरंड ज्या कुणी दिवाळी अंकाचं काम केलं आहे त्याला ठाऊक आहे. जे यंत्र जगाच्या पाठीवर कुठेतरी माझ्या जबाबदारीवर चालू आहे, त्याच्या जोडीचं पुस्तक हलवायचं नाही. वाचकाला जुन्या पत्त्यावरच शोधायची खोड असेल तर तिथे फक्त एक दुवा ठेवायचा, ‘दुकान पलीकडच्या गल्लीत हलवले आहे’ या पाटीसारखा. आणि ज्याची जोड मोडली ते काढायचं. इथेच माझा हात अडतो. पायथन २ चा कारभार १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे आटोपला. माझ्या माहितीतला त्यावर चालणारा शेवटचा संगणकही भंगारात गेला. पुस्तक अजून आहे.

मागच्या महिन्यात ३.८ चं पुस्तक मी त्या दूध केंद्राच्या संगणकावरच नेऊन ठेवलं, प्रोग्रॅमच्या शेजारी. माझ्यानंतर जो कुणी येईल त्यानं जोड शोधत हिंडू नये. केंद्राचे सचिव, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, शेजारी उभे राहून बघत होते. काय ठेवलंस, विचारलं. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि सुतळीनं बांधलेलं एक चोपडं खाली काढलं. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, मुखपृष्ठावर दुधाच्या डागाचं पिवळं वर्तुळ. केंद्रावरच्या पहिल्या फॅट मशीनचं पुस्तक.

“मशीन कुठंय, तात्या?”

“ते कवाच भंगारात दिलं.”

“मग हे कशाला ठेवलंय?”

“असू दे की. खातंय का काय ते?”

त्यांनी सुतळी सोडली, दोन पानं उलटली. एका आकृतीवर बोट ठेवून, नळी इथून सरकवली की बुडबुडा यायचा नाही, असं मला सांगितलं. मग पुस्तक मिटलं, सुतळी होती तशीच दोन वेढे देऊन बांधली आणि स्टूलवर चढले. मी स्टूल धरून उभा राहिलो.